आधार दिलेला नाही

सकाळी कॉफी चुलीवर ठेवून संगणक उघडला
तर गुनवोर रात्रीतून तीन वर्षांनी मोठी झालेली.

हे लोवेलचं काम.
मी निजते तेव्हा नॉर्थ डकोटात त्याची संध्याकाळ,
गुरांचं आवरून, बूट दाराशी काढून
तो आमच्या सामाईक वंशवृक्षापाशी बसतो
आणि माझं १७९४ खोडून १७९१ करतो.
दिवसा मी, इथे सेतेसदालच्या खोऱ्यात,
ते परत १७९४ करते.
आठ महिने झाले.
दीडशे वर्षांपूर्वी मेलेली बाई
रोज रात्री म्हातारी होते, रोज दुपारी तरुण.

त्याच्याकडे दगड आहे.
गव्हाच्या शेताच्या कडेला, वाऱ्याने घासून निघालेला.
त्यावर स्वयंपाकघरातलं पीठ चोळून त्याने फोटो धाडला:
गुनवोर हाउग्लांद, १७९१.
बर्गनच्या टोरिलने त्याला झापलं,
पीठ लावू नकोस, दगड खातं ते. पहाटे जा,
तिरक्या उन्हात अक्षरं आपसूक उभी राहतात.
तो गेला. आकडा तोच उभा राहिला.
"दगडावरची रेघ आहे ही, ओडलाउग."
हो. पण दगड नातवाने बसवला,
ती गेल्यावर बावीस वर्षांनी,
वेशीवरच्या दुकानातून, अक्षरामागे पैसे मोजून.

माझ्याकडे चर्चची वही आहे.
पाद्रीबुवा शाईला कंजूष.
नाताळाआधीचा रविवार, बाप्तिस्मा,
गुनवोर, आस्लाकची मुलगी, हाउग्लांद.
सालातला चार इतका स्वच्छ की शपथ घेईन.
(पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो नऊ वाटला होता.
हे मी लोवेलला सांगितलेलं नाही.)

मग मार्चमध्ये टोरिलला तिसरंच सापडलं,
दफनाच्या पानावर, ओल लागलेल्या कोपऱ्यात:
गुनवोर, आस्लाकची. वय दीड वर्ष. १७९३.

दोन दिवस कोणीच काही बदललं नाही.

तेव्हाची रीत अशी, की गेलेल्या लेकराचं नाव
पुढच्या लेकराला द्यायचं.
म्हणजे थोरलीचं साल
धाकटीने समुद्रापार नेलं, म्हणे, पेटाऱ्यात घालून?
असेल.
पण हाउग्लांद दोन. वरचं आणि खालचं,
मध्ये ओढा, आणि दोन्हीकडे एकेक आस्लाक.
कोणता, ते पाद्र्याला ठाऊकच होतं,
मग लिहायचं कशाला?

टोरिल म्हणते, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा.
कोणी लिहिलं, कधी, कोणाच्या सांगण्यावरून,
आणि खाली लिहा: बहुतेक.
लोवेल म्हणतो, माझ्या खापरपणजीला
मी "बहुतेक" म्हणून ठेवणार नाही.
मला त्याचा राग यायचा.

काल आईच्या कबरीवरचं शेवाळ काढायला गेले.
तिचा वाढदिवस आम्ही नऊ जूनला करायचो.
दगडवाल्याने फोनवर विचारलं, मी म्हटलं, नऊ.
पुढे तिच्या कागदांत निघाले अकरा,
आणि एका पाकिटावर, तिच्याच हाताने, आठ.
दगड तसाच आहे.
उद्या कोणी टोरिल तिरक्या उन्हात उभी राहील,
लिहून घेईल: साक्ष पोटच्या मुलीची, ग्राह्य.
ब्रश हातात धरून मी बराच वेळ
त्या नवाकडे पाहत राहिले.
छान कोरलाय.

घरी येऊन गुनवोरच्या चौकटीत दोन्ही साल लिहिले,
दफनाची नोंदही, दोन्ही आस्लाक, मधला ओढा.
त्या नवासारख्या वाटलेल्या चाराचंही लिहिलं.
मग दिवा मालवला.

आज सकाळी गुनवोर जशीच्या तशी.
कोणीही हात लावलेला नाही.
फक्त बरंच खाली, माझ्या स्वतःच्या नावाशी,
लोवेलने रात्री एक ओळ घातली आहे:
ओडलाउग, जन्म १९५१. आधार दिलेला नाही.

कॉफी उतू गेली.
मी खणात शोधते आहे.